वरकामाला येणारी पोरं आणि अर्धवट राहिलेलं गेट

प्रश्न विचारणारे सर माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेत. वाईजवळ त्यांचं घर आहे, पुढेमागे मिळून वीसेक गुंठे जागा, राहणारी माणसं दोनच. वरकामाला म्हणून त्यांनी गावातली कॉलेजची दोन पोरं बोलावली, 19-20 वर्षांची, 500 रुपये रोजावर. कामं तीन होती: गेटला रंग, गच्चीवरची टाकी धुणं आणि मागच्या अंगणातल्या विटा कुंपणाकडे रचणं. नऊची वेळ देऊन पोरं दहाला आली. टाकी धुतली, गेटला एक हात मारला आणि आंब्याखाली मोबाइल घेऊन बसली. चार वाजता निम्म्या विटा तशाच टाकून "काका, उद्या येतो" म्हणून गेली. दुसऱ्या दिवशी फोनच उचलला नाही. ब्रश वाळून दगड झाले. सर विचारतात, या पिढीची कष्टाची सवयच गेली का, आणि उरलेलं काम आता करून घ्यायचं कसं?

मी साताऱ्यात 27 वर्षं मंडप आणि केटरिंगचा धंदा करतो. कायमची माणसं नऊ. बाकी सगळी भरती पोरांची. तुळशीची लग्नं झाली की मुहूर्त सुरू होतात, ते आषाढापर्यंत. मग गणपती, नवरात्र. मोठ्या लग्नाला तीस-तीस पोरं लागतात, आणि ती अशीच असतात: जावळीतून, पाटणकडून, कोरेगावच्या खेड्यांतून शिकायला आलेली, खोली करून राहणारी, खर्चाला पैसे हवे असणारी. तेव्हा या विषयावर मला तोंड उघडायचा थोडा हक्क आहे.

सर, आधी गेटचंच बोलू, कारण सगळं त्यातच आहे.

तुम्ही पोरांना सांगितलंत, "गेटला रंग मारा." तुमच्या डोक्यात त्याचा अर्थ काय होता? पॉलिश पेपरने गंज घासायचा, फडक्याने पुसायचं, रेड ऑक्साइडचा हात द्यायचा, तो वाळला की रंगाचा पहिला हात, तो वाळला की दुसरा. खाली पोतं अंथरायचं, शिंतोडे फरशीवर पडू द्यायचे नाहीत, कडी-कोयंड्यात रंग जाऊ द्यायचा नाही, आणि शेवटी ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुऊन उलटे ठेवायचे. ही आठ-नऊ कामं झाली. पोरांच्या डोक्यात अर्थ होता एकच: डब्यातला रंग गेटवर गेला पाहिजे. तो त्यांनी नेला. त्यांच्या हिशेबाने काम झालं.

आणि दुसरी गोष्ट. प्रायमर असो नाहीतर ऑइल पेंट, पुढचा हात मारण्याआधी सहा-आठ तास तरी वाळावा लागतो, हवा दमट असेल तर रात्रभर. मग पोरं आंब्याखाली बसली त्यात नवल काय? ते रिकामपण कामातच होतं, रंगाच्या डब्यावर छापलेलं होतं. गेटचं काम एका दिवसाचं नव्हतंच. ते तीन दिवसांचं, पण रोज दीड-दोन तासांचं. तुम्ही ते एका रोजात बसवलंत आणि वाळण्याचा वेळ पोरांच्या खात्यावर मांडलात. तेवढ्या वेळात विटांना हात लावावा हे त्यांना सुचायला हवं होतं, हे खरं. पण ते सुचणं हीसुद्धा शिकायची गोष्ट असते. घरी बापासोबत गवंडीकाम केलेला पोरगा आपोआप विटांकडे वळला असता. ज्याला आईने दहावीपासून "तू अभ्यास कर, मी करते" म्हणून ताटसुद्धा उचलू दिलं नाही, तो वळत नाही. तो आळशी आहे असं मला वाटत नाही. एक काम अडकलं की दुसरं ओढायचं असतं, हे त्याला कधी कुणी सांगितलेलंच नसतं.

तुम्ही शिक्षक होता म्हणून विचारतो. फळ्यावर एक गणित सोडवून दाखवल्याशिवाय तुम्ही कधी स्वाध्याय दिलात का?

माझ्याकडे नवीन पोरगा आला की पहिला अर्धा तास मी किंवा माझा मुकादम त्याच्यासोबत तेच काम करतो. कनातीच्या दोऱ्या बांधायच्या असतील तर पहिल्या चार गाठी मी मारतो, पुढच्या चार तो, आणि मी ओढून बघतो. सुटली तर तो परत मारतो. बोलत काही नाही. मग विचारतो, "आता सांग, झालं म्हणजे काय काय झालं पाहिजे?" त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं: गाठ सुटली नाही पाहिजे, दोरी वाटेत आली नाही पाहिजे, दोरीचं उरलेलं टोक गुंडाळून ठेवलं पाहिजे. हा अर्धा तास ज्यांना जड वाटतो, त्यांना संध्याकाळचे दोन तास चिडचिडीत घालवावे लागतात. मीही पहिली दहा वर्षं तेच केलं.

आता "आमच्या वेळी पोरं अशी नव्हती" याबद्दल. साताऱ्यात हे वाक्य फार चालतं, आणि त्याला आधारही भक्कम आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, 1924 साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह सुरू केलं, आणि स्वतःच्या कष्टावर शिकायचं हा रिवाज पाडला. 'कमवा आणि शिका' हे शब्द आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतात. माझं शिक्षणही अशाच कामावर झालं. वसतिगृहात राहायचो आणि त्याबदली रोज दोन तास काम असायचं. माझ्या वाट्याला आवारातली झाडं होती. विहिरीवरून बादलीने पाणी आणून घालायचं, वीस झाडं.

खरं सांगतो. पहिल्या सोळा झाडांना मी पाणी घालायचो. शेवटची चार भिंतीच्या पलीकडे होती. त्यांच्या बुंध्याजवळची माती फक्त वरून ओली करायचो, आलेल्या माणसाला काळी दिसेल इतपत. उन्हाळ्यात त्यातली दोन वाळली. आमचे रेक्टर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी वाळलेल्या झाडाशेजारी दोन रोपं ठेवलेली होती आणि खड्डे मलाच खणायला लावले. आज कुणी मला "तुमच्या पिढीचे कष्ट" वगैरे म्हणालं की मला ती चार झाडं आठवतात. पोरं तेव्हाही पोरंच होती. फरक हा होता, की काम कशासाठी ते लख्ख दिसत होतं (फी आणि दोन वेळचं जेवण), कामाला ठरलेले तास होते, आणि रोज बघणारं एक माणूस होतं. तुमच्या दोन पोरांना यातलं एकच मिळालं, 500 रुपये. तेही संध्याकाळी की दुसऱ्या दिवशी, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज आहे की निम्मं काम राहिल्याने तुम्ही थोडे पैसे अडकवून ठेवलेत. चूक असेल तर माफ करा. बरोबर असेल तर फोन का उचलला जात नाही ते कळलं.

पैशाचं आत्ताच बोलून टाकतो. रोज आधी सांगायचा, आकड्यात. "बघू, काय ते देऊ, तुम्ही काय परके आहात का" हे वाक्य ऐकलं की पोरगा मनात निम्मं काम कमी करून टाकतो. बाजारभाव काय, हे शोधायला लांब जायला नको. तुमच्या भागात गवंड्याच्या हाताखालच्या बिगाऱ्याला काय मिळतं ते नाक्यावर विचारा. त्याच्या खूप खाली जाल तर तुम्हाला मिळणारा पोरगा हा दुसरीकडे काम न मिळालेला पोरगा असेल. आणि पैसे त्याच संध्याकाळी, काम संपल्यावर हात धुतल्या धुतल्या. फोनपे केलं तरी चालेल, पण त्याच्या मोबाइलवर आलेले दाखवून मगच त्याला निघू द्यायचं. मी कॉलेजात असताना एका लग्नात तीन दिवस राबलो होतो. भांडी उचलण्यापासून नवऱ्याच्या मावशीला स्टँडवर सोडण्यापर्यंत सगळं केलं. पैसे "पुढच्या आठवड्यात" मिळायचे होते. त्या आठवड्याला आता तीसेक वर्षं झाली. त्या माणसाची वाट दिसली की मी अजून गल्ली बदलतो, म्हणजे देणं त्याचं आणि लाज मला. म्हणून माझा नियम आहे: काम अर्धं झालं तर अर्ध्याचं बोलणं आधी करायचं, पण केलेल्या वेळाचा पैसा त्या रात्री चुकता. नुकसान झालं तरी रोजातून कापायचं नाही. काच फुटली, ताट वाकलं, ते माझ्या धंद्याच्या खर्चात. कापाकापी सुरू केली की पोरं फुटलेली वस्तू लपवायला लागतात, आणि लपवलेली फुटकी वस्तू फार महाग पडते.

आणखी एक चोर आहे, तो पैशात दिसत नाही: "जाता जाता". पोरांनी हात धुतले, चप्पल पायात घातली, की आपण म्हणतो, "अरे, जाता जाता तेवढा सिलेंडर आत ठेव." "जाता जाता ती कुंडी सरकव." एकेक काम पाच मिनिटांचं असतं, पण पोराच्या लेखी दिवसाला शेवटच राहत नाही. पुढच्या वेळी तो चार वाजताच पळायच्या बेतात असतो, कारण पाचला जाता जाता असतं हे त्याला ठाऊक असतं. काकूंनाही हे प्रेमाने सांगा. आमच्या घरीही हाच आजार आहे.

रोजाने द्यायचं की उक्तं, हा पुढचा मुद्दा. मराठवाड्यात उक्त्याला गुत्तं म्हणतात, गोष्ट तीच: एवढं काम, एवढे पैसे, केव्हाही संपवा. तुमच्या विटा हे शुद्ध उक्त्याचं काम होतं. विटा मोजता येतात, रचलेल्या दिसतात, बिघडण्यासारखं त्यात काही नाही. हजारी भाव ठरवला असता तर दोघांनी एकमेकांकडे फेकाफेकी करत दुपारी दोनपर्यंत संपवून टाकल्या असत्या आणि गाणीही म्हटली असती. ज्या कामात वेग चालतो आणि निगुती लागत नाही ते उक्तं द्यावं. तण काढणं मात्र नाही. वरून खुरपून मुळं आत ठेवली तर पंधरा दिवसांनी कळतं.

उलटं करून मी हात पोळून घेतलेत. एका पावसाळ्यात ताडपत्र्या धुऊन, वाळवून, घडी घालून गोदामात लावायचं काम पोरांना उक्तं दिलं, नगामागे भाव. पोरांनी काय वेग धरला! दोन दिवसांचं काम एका दिवसात. मी खूश होऊन वर वडापाव खाऊ घातला. गौरीच्या आदल्या दिवशी घड्या उघडल्या, तर आत काळ्या बुरशीचे डाग आणि असा कुबट वास की मंडपात माणूस बसेना. ताडपत्र्या ओल्याच घडी केल्या होत्या. त्यात पोरांना मी काय म्हणणार? भाव मी नगाचा लावला होता, वाळण्याचा लावला नव्हता. जे मोजलं त्याची त्यांनी भर घातली. तेव्हापासून धुणं-वाळवणं, रंग, काचा, वाढप, जिथे थांबणं हाच कामाचा भाग आहे, ते सगळं रोजावर, आणि सोबत एक जाणता माणूस.

वाचणाऱ्याला वाटेल, हा सगळा दोष मालकाचाच काढतोय. तसं नाही. कामचुकार पोरं असतात आणि भरपूर असतात. फक्त ती ओळखायची जागा वेगळी आहे. काम चालू असताना कोण किती घामाघूम आहे, यावर मी जात नाही. मालक समोर असताना पहार जोरात मारणारे मी पुष्कळ पाहिलेत. मी बघतो ते काम संपल्यावर, आवरताना.

एक रात्र सांगतो. कोरेगाव रस्त्याला एका कार्यालयाबाहेरचं लग्न. रात्री साडेअकराला शेवटची गाडी गेली आणि आम्ही खुर्च्या उचलायला लागलो. 600 खुर्च्या होत्या. आमच्याकडे वीस-वीसच्या थप्प्या करतात, टेम्पोत चढवताना मोजायला सोपं. सगळे पेंगुळलेले, जो तो हाताला येईल ती खुर्ची थप्पीत घालतोय. मेढ्याच्या पुढच्या एका खेड्यातला पोरगा होता, तिसऱ्यांदाच आलेला. तो खुर्ची घालण्याआधी एका हाताने उलटी करायचा, पाय दाबून बघायचा आणि मगच घालायचा. तडा गेलेली निघाली की बाजूला. अशा सात निघाल्या. त्यांच्या पायांना त्याने सुतळीचे तुकडे बांधले आणि वेगळ्या ठेवल्या. मी विचारलं, "हे कुणी सांगितलं?" म्हणाला, "मघाशी एक आजोबा पडता पडता वाचले. ही खुर्ची उद्या परत कुणाच्या तरी खाली जाईल की."

थप्पीतली मोडकी खुर्ची बाहेरून दिसत नाही, हे लक्षात घ्या. त्याने ती तशीच घातली असती तर मला, मुकादमाला, कुणालाही कळलं नसतं. मला असं एक पोर मिळालं की मी दहा जणांचा उशीर सहन करतो.

आणि उशिराचं म्हणाल तर हा पोरगा दरवेळी उशिरा यायचा! सुरुवातीला मी त्याच्यावर डाफरलो. मग कळलं, त्यांच्या गावची मुक्कामाची एसटी पहाटे निघते, ती गाठली तर तो साताऱ्यात सातलाच पोचतो आणि दोन तास स्टँडवर बसतो. ती चुकली तर पुढची गाडी त्याला दहाशिवाय आणून सोडत नाही. नऊ वाजता पोचवणारी गाडीच नव्हती. त्याला मी साडेदहाची वेळ दिली. त्यानंतर तो उशिरा आला नाही.

वेळेचा दुसरा घोळ आपल्या बोलण्यात असतो. "नऊला या" म्हटलं की पोरांच्या भाषेत त्याचा अर्थ नऊला घरून निघणं असा होतो. मी सांगतो, "नऊला हातात सुतळी पाहिजे. चहा पावणेनऊला आहे, उशिरा येणाऱ्याला थंड मिळेल." हसतात, पण येतात. आमच्या जिल्ह्यात भरतीची पोरंही खूप. पोलीस भरती, आर्मी. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत इथे, गावाच्या नावातच मिलिटरी. ही पोरं पहाटे पाचला मैदानावर असतात, 1600 मीटरचा सराव, गोळाफेक, सगळं. त्यांच्यात शिस्त जबर, पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. साडेनऊच्या आत त्यांना बोलावू नका. आणि गुडघ्यावर, पाठीवर जाईल असं वजन देऊ नका. वजन उचलायला ती कां-कूं करतात ती आळसाने नव्हे. ऐन भरतीच्या तोंडावर घोटा मुरगळला तर वर्ष गेलं. वाढपाला आणि पार्किंगला त्यांच्यासारखी पोरं नाहीत.

मोबाइल. यावर मी तीन प्रयोग केले. पहिला, बंदी. पोरं मुतारीत जाऊन पंधरा-पंधरा मिनिटं बसायला लागली. दुसरा, टोपलीत जमा करायचे. एकाची आई दवाखान्यात होती, तिकडून आलेले सहा फोन टोपलीतच वाजत राहिले. तो दिवस मला अजून बोचतो. टोपली बंद केली. आता मोबाइल पिशवीत, आवाज चालू, घरचा फोन आला तर बेलाशक घ्यायचा. अकराला आणि चारला चहाची पंधरा-पंधरा मिनिटं, त्यात काय बघायचं ते बघा. एकच नियम मोडला तर घरी पाठवतो: घोड्यावर, म्हणजे उंच शिडीवर, चढलेल्या माणसाने मोबाइल काढायचा नाही, आणि खाली घोडा धरून उभ्या असलेल्यानेही नाही.

आता ज्या गोष्टीने तुम्ही सगळ्यात जास्त दुखावलात ती. "काका, उद्या येतो" म्हणाली आणि आली नाहीत.

लग्नाच्या दिवशी सकाळी सहा पोरांचा खाडा म्हणजे काय असतं ते मला विचारा. नवरदेव वेशीवर आणि आमच्याकडे पाणी वाढायला माणूस नाही, असंही झालंय. पुष्कळ वर्षं मला वाटायचं, पोरं खोटं बोलतात. मग एका पोराला चहा पाजून निवांत विचारलं, "बाबा, यायचं नव्हतं तर हो का म्हणालास?" तो म्हणाला, "तुम्हाला तोंडावर नाही कसं म्हणायचं?" हा आपला घरोघरचा शिरस्ता आहे. मोठ्या माणसाला नाही म्हणणं म्हणजे उद्धटपणा, हेच आपण लहानपणापासून शिकवतो. मग पोरगं नम्रपणे हो म्हणतं आणि नम्रपणे येत नाही. त्याच्या लेखी ते 'हो' म्हणजे नमस्कार असतो.

तेव्हापासून मी कामाचं विचारताना वाक्यच बदललं. "येशील का?" असं विचारतच नाही. "नाही म्हणालास तरी मला राग नाही. पण रात्री आठच्या आत नाही म्हण. आठनंतर नाही म्हणालास तर मात्र राग आहे." पहिल्या-दुसऱ्या वेळी कुणी खरंच 'नाही' असं कळवलं, की त्याला मुद्दाम फोन करून "बरं झालं सांगितलंस" म्हणतो, आणि पुढच्या कामाला पहिला त्यालाच विचारतो. ते बघून बाकीच्यांची भीड चेपते. खाडे बंद झाले नाहीत, पण आता बहुतेक आदल्या रात्री कळतात, आणि आदल्या रात्री कळलेला खाडा मी भरून काढू शकतो. एवढं करूनही जो हो म्हणून दोनदा बुडवतो, त्याचं नाव वहीतून काढतो. भांडत नाही, बोलावतही नाही. हो, एकाने गोदामातून पितळी समई नेली होती. तीन दिवसांनी त्याचा बापच ती घेऊन आला. त्या बापासमोर मला मान वर करता येईना. तो विषय इथेच राहू दे.

पोरींबद्दल कुणी विचारत नाही म्हणून सांगतो. स्वागत, रांगोळी, फुलांचं काम, अलीकडे काउंटरवर वाढपही, याला मी मुली घेतो. हिशेबात आणि मोजदादीत चोख. पण रात्री साडेनऊच्या पुढे त्यांना थांबवत नाही आणि घरापर्यंत आमची गाडी सोडते, चालक ओळखीचा. ही सोय जमत नसेल तर दिवसाचीच कामं द्यावीत.

वयाचं मात्र कडक ठेवा. चौदाच्या आतल्या मुलाला कामाला लावणं हा गुन्हा आहे. 1986 चा कायदा 2016 साली सुधारला तेव्हापासून ही बंदी जवळपास सरसकट झाली. दंड 20 हजारांपासून 50 हजारांपर्यंत, तुरुंगही होऊ शकतो. चौदा ते अठरामधल्यांना धोक्याचं काम देता येत नाही, संध्याकाळी सात ते सकाळी आठ कामाला लावता येत नाही, आणि सलग तीन तासांनंतर तासाभराची सुट्टी द्यावी लागते. माझा धंदाच रात्रीचा, म्हणून अठराच्या आतलं पोर मी घेतच नाही. ओळखीचं असलं तरी आधार कार्ड बघतो. तुमची दोघं 19-20 ची, तेव्हा तो प्रश्न नाही. पण टाकी धुवायला तुम्ही काय दिलंत? अ‍ॅसिडची बाटली आणि ब्लीचिंग पावडर दोन्ही घरात असतील तर एकत्र वापरू देऊ नका. दोन्ही मिसळली की क्लोरिन वायू निघतो आणि टाकीत वाकलेल्या माणसाला बाहेर यायला वेळ मिळत नाही. गच्चीवरची टाकी ठीक आहे. जमिनीखालच्या टाकीत वरकामाच्या पोराला उतरवू नका, आणि मैल्याच्या टाकीत तर कुणालाच नाही. त्याला 2013 चा वेगळा कायदा आहे, आणि नसता तरी नाही.

मग आता तुमच्या गेटचं काय करायचं?

त्याच दोन पोरांना बोलवा. फोन उचलत नसतील तर त्यांच्या घरी जा, पण तक्रार घेऊन नको, राहिलेले पैसे घेऊन जा. राहिले असतील तर आधी ते हातात ठेवा. मग सांगा, विटा उक्त्या आहेत, मोजून हजारी भाव असा असा, रविवारी संपवा नाहीतर शनिवारी रात्री करा, मला फरक पडत नाही. गेटचं वेगळं ठेवा. त्यांनी मारलेला हात गंजावरच मारलाय, तो पावसाळ्यात पोपडे धरून निघणार, तेव्हा परत घासावं लागेल. पहिल्या संध्याकाळी दीड तास: फक्त घासणं आणि रेड ऑक्साइड. दुसऱ्या संध्याकाळी पहिला हात. तिसऱ्या संध्याकाळी दुसरा. दर संध्याकाळचा अर्धा रोज धरा, म्हणजे तिन्ही मिळून दीड रोज होतो. परवडतो. पहिल्या संध्याकाळी एक पट्टी तुम्ही घासा, पांढरं लोखंड दिसेपर्यंत, आणि ती पट्टी त्यांना बोटाने चाचपून बघायला लावा. दुसरी त्यांनी घासली की तुम्ही चाचपा. त्यानंतर खुर्ची टाकून बसलात तरी चालेल, वर्तमानपत्र वाचा, फक्त आत जाऊ नका.

ब्रश गेले ते गेले, त्यांचा हिशेब काढू नका. नवीन दोन घ्या, दोन इंची. टर्पेंटाइनसाठी जुना डालड्याचा डबा आणि एक फडकं आधीच गेटपाशी काढून ठेवा. ब्रश धुवायचे असतात हे पोरांना डबा बघूनच कळतं, आणि डबा नसेल तर माझ्या मुकादमालाही आठवत नाही.